स्लाइडमधला व्हिडिओ आणि आपल्याकडची रेंज

शाळांमध्ये कासवांवर स्लाइड शो दाखवायला जातो तेव्हा तिथल्या गुरुजींचा, बाईंचा एक प्रश्न ठरलेला असतो, यूट्यूबवरचा व्हिडिओ स्लाइडमध्ये टाकायचा कसा. टाकायला काहीच नाही, पॉवरपॉइंटमध्ये इन्सर्ट, मग व्हिडिओ, मग ऑनलाइन व्हिडिओ, लिंक पेस्ट केली की झालं. पण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की त्यात व्हिडिओ तुमच्या फाइलमध्ये येतच नाही. स्लाइडवर दिसतं ते नुसतं चित्र, बाकी सगळं प्ले दाबल्यावर नेटवरून यायचं. फाइल पेन ड्राइव्हवर टाकून नेलीत तरी बरोबर फक्त लिंक जाते.

शहरात हे चालून जातं. आपल्याकडे कोकणात गाव वसलंय कसं, तर वर सडा म्हणजे कातळाचं पठार, मग घाटी उतरून खाली वाडी आणि तिथेच शाळा. सड्यावर फुल रेंज आणि खाली उतरलं की एक काडी, तीपण फोन खिडकीत ठेवला तर. पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. पोरं खिडक्यांना चादरी बांधून अंधार करून बसलेली आणि पडद्यावर ते गोल गोल फिरतंय, हे मला अजिबात नको असतं.

आणि व्हिडिओ हवाच असतो, त्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी शंभरेक अंडी घालते, खड्डा वाळूने बुजवते आणि मग अख्खं अंग डावी-उजवीकडे आपटत वाळू दाबते, धप धप आवाज येतो. हे फोटोत कसं दाखवणार? वेळासला २००२ पासून घरटी राखली जातायत, आंजर्ले, गावखडीलाही कासवं येतात, तरी किनाऱ्यावर राहणाऱ्या कितीतरी पोरांनी हे पाहिलेलं नसतं कारण मादी येते रात्री. पडद्यावर ती वाळू उडताना दिसली की मागच्या रांगेतली पोरं उभी राहतात, मला त्यासाठीच एवढी खटपट करावीशी वाटते.

म्हणून माझं म्हणणं, व्हिडिओची फाइलच मिळवा. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइन सेव्ह केलेला व्हिडिओ त्या अ‍ॅपमध्येच चालतो, स्लाइडमध्ये नाही, आणि कुठल्यातरी साइटवरून परस्पर डाउनलोड करणं नियमात बसत नाही. यूट्यूबच्या सर्चमध्ये फिल्टर लावून क्रिएटिव्ह कॉमन्सवाले, म्हणजे बनवणाऱ्याने इतरांना वापरायची परवानगी दिलेले व्हिडिओ वेगळे काढता येतात, आवडला तर बनवणाऱ्याला मेसेज करून फाइल मागायची. त्याहून सोपं म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरच्या कासवमित्रांकडे, म्हणजे घरटी राखणाऱ्यांकडे मागा, त्यांच्या फोनमध्ये पिल्लं समुद्राकडे जातानाचे सकाळचे व्हिडिओ असतातच. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर क्वालिटी पार जाते. (स्वतः शूट करणार असाल तर रात्री टॉर्च, फ्लॅश अजिबात नाही, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, ती वाट चुकतात.)

मग इन्सर्ट, व्हिडिओ, धिस डिव्हाइस. एमपीफोर फाइल असेल तर शक्यतो काही अडत नाही, आणि व्हिडिओ प्रेझेंटेशनच्या आतच बसतो. प्लेबॅकमध्ये ट्रिम व्हिडिओ आहे, त्यात पुढचं-मागचं कापून कामाचा अर्धा मिनिट ठेवायचा. ऑनलाइन व्हिडिओला हे ट्रिम चालत नाही. फाइल फार जड झाली तर फाइल, इन्फो, कॉम्प्रेस मीडिया, शाळेच्या प्रोजेक्टरला ४८०पी सुद्धा पुरतं. आवाजासाठी एक स्पीकर बरोबर ठेवा, ती धपधप लॅपटॉपमधून मागेपर्यंत पोचत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी चांगलं वायफाय असेल तर ऑनलाइन टाकायला माझी ना नाही. तिथे मला गूगल स्लाइड्स जास्त आवडतं, फॉरमॅट ऑप्शन्समध्ये कितव्या सेकंदाला सुरू आणि कितव्याला बंद ते लिहिता येतं. तरी व्हिडिओच्या मालकाने यूट्यूबबाहेर दुसरीकडे चालवायला बंदी केली असेल किंवा व्हिडिओच काढून टाकला असेल तर आपल्या हातात काही राहत नाही.

निघायच्या आदल्या रात्री घरीच लॅपटॉपचं वायफाय बंद करा, फोनचा हॉटस्पॉटपण बंद, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत शो चालवून बघा. जी स्लाइड अडेल तिथला व्हिडिओ अजून नेटवरच आहे, तो तेवढा बदलायचा.