कॅनमध्ये गोड लागलेलं भाणातून वर येत नाही

मागच्या डिसेंबरात मी सफरचंदाचे तीन कॅन आंबवायला ठेवले होते, प्रत्येकी वीस लिटर, आणि मार्चमध्ये मामांची गोव्यातल्या सत्तरीतली काजूच्या दारूची भट्टी पेटली तेव्हा तिथल्या छोट्या तांब्याच्या भाणातून, म्हणजे दारू उकळायच्या भांड्यातून, तिन्ही वेगवेगळे, दोन-दोनदा काढून घेतले. मामांचं लायसन आहे आणि ते स्वतः तिथे बसून होते म्हणून हे जमलं, घरी गॅसवर कुणी असलं काही करू नका, कायद्यात बसत नाही आणि दारूची वाफ पेट घेते.

पहिल्या कॅनमध्ये निव्वळ सफरचंदाचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे आटवलेला रस. ते ७० ब्रिक्सच्या आसपास असतं (शंभर ग्रॅममध्ये साधारण सत्तर ग्रॅम साखर), मधासारखं दाट, त्यात साधारण साडेसहा पट पाणी घातलं की रसाइतकं गोड होतं. दुसऱ्यात मिक्स कॉन्सन्ट्रेट, सफरचंद, पेअर आणि पांढरं द्राक्ष. तिसऱ्यात दोन भाग पहिलंच आणि एक भाग ताजा रस, म्हापशाच्या बाजारातून हिमाचलची सफरचंदं आणून सालीसकट किसून पिळलेला. लेबल मात्र नीट वाचून घ्या, पोटॅशियम सॉर्बेट असेल तर यीस्ट वाढतच नाही.

आता मला ज्याचं सगळ्यात आश्चर्य वाटलं ते सांगते. आंबून झाल्यावर तिन्ही कॅन चाखले तेव्हा दुसरा सगळ्यात छान लागला, गोडसर, गोल, आणि मी मनात ठरवूनच टाकलं की हाच जिंकणार. पेअरमध्ये सॉर्बिटॉल असतं, यीस्ट ते खात नाही म्हणून तो गोडवा मागे राहतो. पण भाणात घातल्यावर तो गोडवाही खालीच राहिला आणि फळातल्या मॅलिक अॅसिडची आंबट धारही, कारण वाफेबरोबर वर जातो तो वास आणि अल्कोहोल. लावणीत, म्हणजे वाफ थंड होऊन दारू जमते त्या मडक्यात, जे उतरलं त्याला किसमिसचा पुसट वास आणि बाकी नुसतं तिखट. मामा हुंगून म्हणाले, "अगो, यात फळ कुठे आहे?"

पहिल्याची गोष्ट वेगळी. त्याला मुरंब्याचा वास आला, शिजलेल्या सफरचंदाचा. रस आटवताना तो तापतो आणि हलके वास उडून जातात, काही कारखाने ते पकडून परत घालतात, काही नाही. आंबताना पहिल्या आठवड्यात त्याला सडक्या अंड्याचा वासही सुटला होता, सफरचंदाच्या रसात यीस्टला लागणारं नायट्रोजन कमीच असतं, आणि उपाशी यीस्ट गंधकाचा वायू सोडतं. यीस्टचं खाद्य घातल्यावर तो कमी झाला आणि उरलेला भाणाच्या तांबे धातूने ओढून घेतला.

तिसरा! लावणीचं तोंड उघडलं आणि साल सोलताना बोटांना येतो तो हिरवा, ओला वास आला. एकतृतीयांश ताज्या रसाने एवढा फरक पडेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. मामांना नाही वाटलं आश्चर्य, ते म्हणाले, "काजूचा बोंडूसुद्धा आपण झाडाखाली पडलेला त्याच दिवशी तुडवतो ना?" आणि आमच्याकडे लोक पहिल्या धारेचं कौतुक करतात, पण अगदी सुरुवातीचं नेलपॉलिशसारख्या वासाचं ते आम्ही तिन्हींचं फेकून दिलं.

पेअरला मात्र मी दोष देणार नाही. फ्रान्सच्या नॉर्मंडीत डोंफ्रोंच्या बाजूला जी काल्व्हादोस, म्हणजे सफरचंदाची ब्रँडी, करतात तिच्यात निदान ३० टक्के पेअर लागतोच, नियमच आहे, आणि ती निदान तीन वर्षं ओकच्या पिंपात ठेवतात. पण तिथे पेअर ताजा पिळलेला असतो. माझ्या मिक्समध्ये पेअर आणि द्राक्ष बहुतेक साखरेपुरतेच उरले होते.

येत्या डिसेंबरात अर्धा रस ताजा घेणार आहे, आणि एक छोटा कॅन पेअर किसून. तिसऱ्याच्या दोन बाटल्या निघाल्या होत्या, त्यातली एक मामांनी ठेवून घेतलीय, गणेश चवथीला उघडू म्हणाले.