जामाखाली तुळस लावली की अळी जाते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंदूरात दरवर्षी गणपतीच्या सुमाराला हा प्रश्न येतोच, कारण तेव्हा पावसाळी जाम म्हणजे पेरू पिकायला लागतात, वरून मस्त दिसतात आणि कापले की आत पांढऱ्या अळ्या वळवळतात, मग कुणीतरी म्हणतंच, काकू तुमचा राऊ गावात मळा आहे ना, झाडाखाली तुळस लावली तर वासाने कीड पळते म्हणे, खरंय का?

पळत नाही हो, उलट येते!

तुळशीत मिथाईल युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि ज्या माशीच्या या अळ्या, त्या फळमाशीचे नर त्याच्यावर जीव टाकतात. सकाळी चुरगळलेल्या पानांवर बघा, छोट्या गांधीलमाशीसारखी दिसणारी पिवळट-तपकिरी माशी पानाला सोंड लावून चाटत बसलेली असते, हात जवळ नेला तरी पटकन उठत नाही. पोटात गेलेल्या त्या द्रव्यापासून नर मादीला बोलवायचा गंध तयार करतो, म्हणजे आपण त्याला फुकट अत्तर पुरवायचं! मादीला तुळशीशी घेणंदेणं नाही. ती पिकत आलेल्या फळाच्या वासावर येते, सालीत अंडी घालते आणि बाहेर दिसतो फक्त टाचणीच्या टोकाएवढा ठिपका.

वासाने ही माशी ओढली जाते यात नवीन काही नाही. बिहारातल्या पुसा इथल्या शेती संस्थेत हाऊलेट नावाचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होता, फळमाशा सिट्रोनेला म्हणजे एका सुगंधी गवताच्या तेलाकडे ओढल्या जातात हे त्याने १९१२ मध्येच छापलं होतं, आणि गंमत म्हणजे डास पळवायला लोक अंगाला चोळतात तेच हे तेल.

म्हणून वास वापरायचा तर सापळ्यात. मिथाईल युजेनॉलचे तयार सापळे मिळतात, पण फळ पिकायच्या बरेच आधी टांगा, कारण एकदा जोडी जमली की नुसते नर मारून काय उपयोग, आणि एकट्याने लावून भागत नाही, शेजारच्या मळ्यातले नर आहेतच. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात याच युक्तीने ही माशी पार संपवली, पण तिथे चारी बाजूंना समुद्र होता, आपल्याकडे बांधापलीकडे कुणाचा तरी जामच.

मला विचाराल तर पावसाळ्यात पिकणाऱ्या बहाराचा मोहच सोडा. उन्हाळ्यात पाणी तोडा, पावसाच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार धरा, थंडीतले जाम गोडही होतात आणि माशीचा त्रासही कमी.

आणि गळलेली फळं झाडाखाली ठेवू नका, अळी मातीत शिरून कोष करते. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने इंदूर पद्धतीचं कंपोस्ट इथेच बसवलं याचा अभिमान मलाही आहे, पण म्हणून किडके जाम घरच्या कंपोस्टच्या थंड खड्ड्यात नका ढकलू, तो अळी मरेल इतका तापत नाही. काळ्या पन्नीत म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत भरा, घट्ट गाठ मारा आणि चांगले काही दिवस उन्हात पडू द्या.