सब्जा घोडा, स्टडबुक आणि आमचा पहिला हंगाम : माझा अनुभव

शर्यतींतून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतींसाठी पैदास केलेल्या जातीचा) घोडा दुसऱ्या देशातून विकत आणायचा, स्टडला, म्हणजे पैदाशीसाठी, ठेवायचा आणि वंशावळीच्या बळावर त्याच्यासाठी चांगल्या घोड्या मिळवायच्या, हे काम मी गेल्या हंगामात पहिल्यांदाच पार पाडले. खरेदी, वाहतूक आणि विलगीकरण यांबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. ते सारे वेळेत उरकले. काम अडले ते स्टडबुकच्या, म्हणजे या जातीच्या अधिकृत वंशनोंदवहीच्या, कार्यालयात, आणि तेही घोड्याच्या रंगावरून. त्या अडवणुकीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सब्जा, म्हणजे कागदोपत्री ज्याला ग्रे म्हणतात तो घोडा आणणाऱ्या दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हा घोडा आम्ही निवडला तो प्रामुख्याने त्याच्या वंशावळीवरून. त्याने स्वतः लिस्टेड (मानांकित) शर्यत जिंकली होती आणि त्याहून वरच्या ग्रुप शर्यतींत तो दुसरा-तिसरा आला होता, पण ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीचा, विजेता तो नव्हता. त्याचा बाप डेनहिलचा मुलगा आणि डेनहिल डॅन्झिगचा, म्हणजे घराणे डॅन्झिगचे, आणि डॅन्झिगचे उदाहरण मी सतत डोळ्यांसमोर ठेवले होते. डॅन्झिग आयुष्यात तीनच शर्यती धावला. तिन्ही त्याने जिंकल्या, पण त्यांत एकही स्टेक्स (वरच्या दर्जाची) शर्यत नव्हती. तरीही नॉर्दर्न डान्सर या नामवंत घोड्याचा मुलगा म्हणून त्याला स्टडला संधी मिळाली आणि १९९१ ते १९९३ अशी सलग तीन वर्षे तो उत्तर अमेरिकेतील अव्वल सायर (पैदाशीचा नर घोडा) ठरला. याउलट सेक्रेटॅरिएटने १९७३ मध्ये ट्रिपल क्राउन (अमेरिकेतील तीन मोठ्या शर्यतींचा मान) जिंकला, पण प्रजननातील त्याचा ठसा मुख्यतः मुलींच्या बाजूने उमटला, ए. पी. इंडी, स्टॉर्म कॅट आणि गॉन वेस्ट हे तिघेही त्याच्या मुलींच्या पोटचे. म्हणून मी घोड्याच्या आईची बाजू जास्त बारकाईने वाचली. ती लिस्टेड विजेती होती आणि तिच्या आणखी दोन अपत्यांच्या नावावर ब्लॅक टाइप (वरच्या दर्जाच्या शर्यतीतील यशाची ठळक अक्षरांतली नोंद) होता. ती ग्रे होती. आमच्या घोड्याचा रंग तिच्याकडून आला.

थरोब्रेडच्या बाबतीत स्टडबुकातील नोंद हा साऱ्या व्यवहाराचा पाया आहे. १७९१ मध्ये जनरल स्टडबुकाचा पहिला, प्रास्ताविक खंड इंग्लंडमध्ये निघाला तेव्हापासून ही जात कागदावरच उभी राहिली आहे. घोड्याची सायर म्हणून नोंद झालेली नसेल, तर त्याच्यापासून झालेले शिंगरू कितीही देखणे असले तरी थरोब्रेड म्हणून नोंदवले जात नाही, आणि असे शिंगरू कोणत्याही घोडीमालकाला नको असते. त्यामुळे नोंद हातात येईपर्यंत मी घोड्याची जाहिरात करणार नव्हते, आणि तो निर्णय आजही मला योग्यच वाटतो.

नोंदीसाठी ओळख पटवावी लागते ती चार गोष्टींवरून : मानेच्या डाव्या बाजूला बसवलेली पंधरा अंकी मायक्रोचिप, पासपोर्टातील खुणांची आकृती, डीएनए आणि निर्यातीचा दाखला. हा दाखला मालकाच्या हाती दिला जात नाही. एका देशाचे स्टडबुक तो थेट दुसऱ्या देशाच्या स्टडबुकाकडे पाठवते. आमचा दाखला आला, चिपचा क्रमांक जुळला, आणि मग तपासनीस खुणा पाहायला आले.

पासपोर्टातील आकृती घोडा शिंगरू असताना काढलेली होती. ग्रे घोडा जन्मतः गडद रंगाचा असतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो, त्यामुळे कपाळावरचा चांद किंवा पायावरचा पांढरा पट्टा मोठेपणी सभोवतालच्या केसांत मिसळून दिसेनासा होतो. आमच्या घोड्याच्या आकृतीत कपाळावर चांद आणि मागच्या डाव्या पायाला खुराच्या वर पांढरा पट्टा दाखवला होता. तपासनिसांसमोर उभा होता तो जवळजवळ संपूर्ण पांढरा घोडा. त्यांनी कोरड्या अंगावर नजर टाकली, ‘खुणा आढळल्या नाहीत’ असा शेरा लिहिला आणि ते निघून गेले. त्या तीन शब्दांनी आमची फाइल प्रलंबित झाली.

वास्तविक हा प्रश्न जागेवरच सुटण्यासारखा होता. ग्रे घोड्याची कातडी काळी असते, पण जन्मजात पांढऱ्या खुणेखालची कातडी गुलाबी असते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. कपाळ आणि पाय पाण्याने चांगले भिजवले की केस चिकटून बसतात आणि गुलाबी भाग त्याच्या कडांसह स्पष्ट दिसू लागतो. आमच्या मोतद्दाराने बादलीभर पाणी आणून हे करून दाखवण्याची तयारी ठेवली होती. तपासनिसांनी तेवढा वेळ थांबायला हवे होते. दुसरी गोष्ट भोवऱ्यांची. केसांचा रंग बदलला तरी भोवरे जागचे हलत नाहीत. कपाळावरील भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या किंचित वर आणि मानेवरचे भोवरे दोन्ही बाजूंना, हे आकृतीत होते आणि घोड्याच्या अंगावरही होते. अहवालात भोवऱ्यांचा उल्लेखच नव्हता.

मी ओल्या कपाळाची आणि पायाची छायाचित्रे काढली, भोवरे खडूने वर्तुळ करून दाखवले आणि सोबत एक पत्र लिहिले. ग्रे शिंगराच्या आईबापांपैकी किमान एक तरी ग्रे असावाच लागतो, आणि निर्यातीच्या दाखल्यातच आईचा रंग ग्रे नोंदलेला आहे, हेही त्या पत्रात मांडले. उत्तर आले की छायाचित्रे ग्राह्य धरता येणार नाहीत आणि डीएनए जुळवावा लागेल. त्याला माझी हरकत नव्हती. डीएनए हा सर्वांत पक्का पुरावा आहे, आणि ज्याला आपल्या घोड्याची खात्री आहे त्याने त्याला कधीच नाही म्हणू नये. आयाळीचे केस मुळांसकट उपटून, नमुना पशुवैद्यांच्या सहीने मोहोरबंद करून आम्ही तो तातडीने दिला. केस कापून दिले तर ते निरुपयोगी ठरतात, कारण तपासणीला लागतात ती केसांची मुळे.

खरी अडवणूक यानंतर झाली. प्रयोगशाळेने आमच्या घोड्याच्या डीएनएचा आलेख तयार केला, पण तो ताडून पाहण्यासाठी मूळ देशाच्या स्टडबुकाकडून जुना आलेख मागवायचा होता, आणि ते मागणीपत्र कार्यालयाबाहेर गेलेच नाही. आयात विभागाचे म्हणणे असे की पत्र ओळख विभागाने पाठवायचे. ओळख विभागाचे म्हणणे असे की आयात विभागाची टिप्पणी आल्याशिवाय पत्र निघत नाही. फोन केला की दोन्हीकडून ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच सांगितले जाई. मूळ देशाच्या स्टडबुकाला मी स्वतः विचारले, तेव्हा त्यांनी नम्रपणे कळवले की अशी मागणी त्यांच्याकडे आलेलीच नाही. इकडे हंगाम जवळ येत होता. उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेडचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारीला धरतात आणि घोडी साधारण अकरा महिने गाभण असते, त्यामुळे कव्हरिंग (घोडीला नर लावणे) फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होते आणि ज्या मालकांना आपली शिंगरे वर्षाच्या प्रारंभीच जन्मायला हवी असतात ते सायरची निवड त्याच्या कितीतरी आधी करून मोकळे होतात. आमच्या घोड्याबद्दल मनापासून चौकशी करणाऱ्या काही मालकांना मला ‘नोंद झाली की कळवते’ असे सांगावे लागले. त्यांतल्या काहींनी दुसरीकडे नॉमिनेशन (घोडीसाठी सायरची राखीव जागा) घेतले. त्यांना मी दोष देत नाही. ज्यांच्या टेबलावर ते एक पत्र पडून राहिले त्यांना मात्र देते.

अखेरीस मी परदेशी स्टडबुकाचे ते उत्तर छापून घेतले, दोन्ही विभागांच्या नावे एकच पत्र लिहून ते त्याला जोडले, आणि कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन वरिष्ठांसमोर ठेवले. त्याच दिवशी मागणी गेली. जुना आलेख आला, नव्याशी जुळला, आणि पासपोर्टात ‘रंग पांढरा झाल्याने खुणा ओल्या अंगावरच दिसतात’ अशी पुरवणी नोंद होऊन घोडा सायर म्हणून नोंदला गेला. तो कागद हातात आला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, आणि अभिमानही वाटला, कारण पहिल्या दिवसापासून ओल्या अंगावरील खुणांबद्दल मी जे सांगत होते ते शेवटी अक्षरशः खरे ठरले होते.

माहितीपत्रक मी या काळात तयारच ठेवले होते. त्यात एक पथ्य कसोशीने पाळले : जे छापील नोंदीत सापडत नाही ते लिहायचे नाही. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ब्लॅक टाइपचे नियम ठरलेले असतात. स्टेक्स विजेत्याचे नाव ठळक मोठ्या अक्षरांत आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे नुसते ठळक. तेच नियम मी वापरले. भावंडांच्या बाबतीतही काटेकोर राहावे. एका आईची अपत्ये तेवढीच सावत्र भावंडे म्हणवली जातात, एका बापाची नाही. बापाची अपत्ये शेकड्यांनी असतात. गॅलिलिओ आणि सी द स्टार्स हे सावत्र भाऊ ठरतात ते अर्बन सी या दोघांच्या आईमुळे, आणि घोडीच्या बाजूला एवढे मोल का देतात हे त्या एका घोडीवरून कळते. नव्या सायरची पहिली शिंगरे दोन वर्षांची होऊन धावेपर्यंत पहिल्या कव्हरिंगपासून चौथे वर्ष उजाडते, आणि तोवर मालकापाशी विश्वास ठेवायला वंशावळीच्या पानाखेरीज काही नसते. ते पान फुगवलेले आढळले तर तो मालक पुन्हा येत नाही.

घोड्या निवडतानाही आम्ही घाई केली नाही. डेनहिल स्वतः नताल्मा या घोडीवर ३ × ३ असा अंतर्प्रजनित होता, म्हणजे ती त्याच्या बापाकडून आणि आईकडून, दोन्हीकडून तिसऱ्या पिढीत येते. नताल्मा ही नॉर्दर्न डान्सरचीच आई. त्यामुळे ज्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर अगदी जवळ आहे अशा काही घोड्यांना मी नकार दिला, आणि मालकांना कारण समजावून सांगितले. नोंदीला उशीर झाल्यामुळे मिळेल ती घोडी लावावी असा सल्ला मला अनेकांनी दिला होता. पण पुढे सायरचे मोजमाप होते तेव्हा त्याच्या अपत्यांची सरासरी कमाई आणि त्याच घोड्यांना दुसऱ्या सायरपासून झालेल्या अपत्यांची कमाई शेजारी शेजारी मांडली जाते. सामान्य घोड्यांनी हंगाम भरून काढला, तर पहिली पिढी मैदानात फिकी दिसते आणि सायरचे नाव तेथेच बुडते.

आधी सांगायचे राहिले : जननेंद्रियसंसर्गाच्या तपासण्या, विशेषतः सीईएमचे (घोड्यांमधील संसर्गजन्य गर्भाशयदाहाचे) स्वॅब आणि विषाणूजन्य आर्टरायटिसची (रक्तवाहिन्यांच्या दाहाची) चाचणी, हंगामापूर्वी पूर्ण करून त्यांचे अहवाल मागितल्यावर लगेच दाखवता येतील असे ठेवावेत. चांगला घोडीमालक ते मागतोच. करारात जिवंत शिंगराची अट असेल तर ‘जिवंत’ म्हणजे नेमके काय हे लिहून ठेवावे. आम्ही ‘उभे राहून आईचे दूध प्यालेले’ अशी व्याख्या घेतली. घोड्याचा बाप ग्रे नसल्यामुळे त्याच्यात ग्रेचे जनुक एकच आहे, आणि ग्रे नसलेल्या घोडीपासून सरासरीने निम्मी शिंगरे ग्रे होतील, हेही मालकांना आधीच सांगितले. अशा शिंगराच्या खुणा जन्मानंतर लवकरात लवकर, अंग भिजवून, गुलाबी कातडीच्या कडांसह नोंदवून घ्याव्यात असे त्यांना लेखी कळवले आहे.

हंगाम संपल्यावर कोणती घोडी कोणत्या तारखांना लावली याचा तक्ता स्टडबुककडे द्यावा लागतो. तो शेवटच्या तारखेपर्यंत लांबवू नये, आणि टपालाने न पाठवता स्वतः नेऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. आमच्या तक्त्याची ती सही केलेली प्रत घोड्याच्या पासपोर्टासोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवली आहे.