शोभेची कोंबडी आणि जुलैचा चिखल

फोटोत सगळ्याच शोभेच्या कोंबड्या गोजिरवाण्या दिसतात. निवड मात्र परसात उभे राहून करावी, आणि तीही जुलैत.

सिल्की जातीच्या कोंबडीचे एक पीस बोटांत धरून पाहा. साध्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंततात. सिल्कीला ते आकडेच नाहीत. म्हणून तर ती कापसासारखी मऊ, आणि म्हणूनच एका सरीत तिचा ओला बोळा होतो. उडताही येत नाही. तिला उंच दांडी नकोच; कोरड्या खुराड्यात ३-४ इंच भाताचे तूस पुरे. अंडी बेताची, पण खुडूक बसावे तर हिनेच! बदकाची अंडी ठेवली तरी २८ दिवस चिकाटीने बसते.

ब्रह्मा आणि कोचीन या जातींच्या पायांनाही पिसे. त्यांत चिखलाचे गोळे सुकतात, आणि पायाच्या खवल्यांखाली शिरलेला माइट हा बारीक किडा पिसांआड लवकर दिसत नाही. खवले उचलून त्याखाली पांढुरका भुसा दिसू लागला, की पाय कोमट साबणपाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने हलके घासावेत, वाळवून पेट्रोलियम जेली थापावी; माइट गुदमरतो. दोन-तीन दिवसांआड, काही आठवडे. रॉकेलचा जुना उपाय कातडी भाजतो. ब्रह्माचा नर साडेचार-पाच किलोंचा, त्यामुळे दांडी फूटभरच उंच. वरून उड्या मारून तळव्याला गळू होते. (नाव ब्रह्मपुत्रेचे, पण जात घडली अमेरिकेत, शांघायहून गेलेल्या कोंबड्यांतून.)

पॉलिश कॅप जातीला डोक्यावरच्या पिसांच्या टोपीमुळे घारही दिसत नाही. टोपीखालची कवटी फुगीर, काहींत हाड मध्ये जुळलेलेही नसते. गावरान कोंबडीची एक चोच तिथे बसली तर संपलेच, तेव्हा दोघींना एकत्र सोडू नये. डोळ्यांपुढची पिसे बोथट टोकाच्या कात्रीने छाटावीत. नळीत रक्त दिसणारे कोवळे पीस सोडून.

उलट्या पिसांच्या फ्रिझलची जोडी फ्रिझलशीच लावली, तर साधारण चारातल्या एका पिल्लाची पिसे ठिसूळ होऊन झडतात. जोडीदार साध्या पिसांचाच हवा.

घेताना रंगाआधी मरेक रोगाच्या लशीचे विचारावे. ती अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच द्यायची असते, आणि सिल्की या रोगाला चटकन बळी पडते. विकणारा उत्तराऐवजी पिसांचे कौतुक सांगू लागला, तर पिल्लू परत खोक्यात ठेवावे.