दोन दात गेल्यावर

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, मी खात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे तोंड दुखतं म्हटलं की समोरच्याची नजर आधी ओठांच्या कोपऱ्याकडे जाते. पुढे तर गावात उठलंच होतं, "भाऊले कॅन्सर निघाला म्हणते."

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आमचं गाव. पाच एकर शेती. कापूस, तूर आणि विहिरीच्या भरवशावर हरभरा. 2021च्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या आठवड्यात लाईन रात्रीची होती, म्हणून अडीच वाजता ओलिताला गेलो. मोटर सुरू केली, वळलो, उजव्या गालाला गार वारा लागला आणि खालच्या जबड्यातून कानापर्यंत अशी कळ गेली की वाटलं, स्टार्टरचा करंटच लागला. हात झटकले. टॉर्चच्या उजेडात बोटं उलटीपालटी करून पाहिली. बोटांना काहीच झालं नव्हतं.

सकाळी दात घासताना तीच कळ. मग तोंड धुताना, मग भाकरीचा घास चावताना. एक कळ म्हणाल तर पाच-दहा सेकंदांची. पण पुढची कधी येईल या धाकातच दिवस जायचा.

लवंगेचं तेल झालं, कापूर झाला. मावसभावानं एका म्हाताऱ्याकडे नेलं, तो दातातला किडा काढायचा. तापल्या कवेलूवर रिंगणीचं बी टाकून त्याचा धूर नळीनं तोंडात घ्यायचा. घेतला. वाटीतल्या पाण्यात बारीक पांढरे किडेही दिसले. म्हातारा खूश, भाऊ खूश. परतीच्या वाटेवर गाडीनं खड्डा घेतला आणि कळ जिथल्या तिथं.

मग तालुक्याच्या ठिकाणी दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "कोणता दात?" मी खालची उजवी दाढ दाखवली. त्यांनी बधिरीचं इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत कळ गायब. मला वाटलं चोर सापडला, त्यांनाही तसंच वाटलं असावं. दाढ काढली. घरी आणली तर बायकोनं ती काडेपेटीत ठेवली. एवढी पांढरीशुभ्र दाढ फेकवत नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी कळ परत आली, तीही जिथं आता दाढच नाही तिथं. मग शेजारच्या दाताचं रूट कॅनल केलं, आणि मार्चमध्ये तोही काढला.

त्यानंतर दोन-अडीच महिने एकही कळ आली नाही. त्या डॉक्टरांचं नाव मी स्वतः चार जणांना सांगितलं. हे दुखणं मधूनच आपलं आपण रजेवर जातं, हे तेव्हा कोणाला माहीत! मृगाच्या पेरणीत ते परत आलं आणि दिवसातून चाळीस-पन्नास वेळा येऊ लागलं. डॉक्टरांना मी आज फार दोष देत नाही. बोट दाताकडे मीच दाखवत होतो.

त्या पावसाळ्यात माझं काय झालं ते सांगतो. जेवण म्हणजे कण्या, घाटा, नाही तर दुधात कुस्करलेली भाकर, तीही डाव्या बाजूनं. नऊ किलो वजन उतरलं. घासता येत नाही म्हणून हिरड्या सुजल्या, तोंडाला वास येऊ लागला, आणि मी लोकांपासून हातभर दूर उभा राहू लागलो. गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना मी सांगायचो. वडिलांना तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंजाची ओढ होती, त्यांच्यापासून ते आमच्या घरात आलेलं. ती प्रार्थना सुटली. पहिल्या चार ओळीतच तोंड धरून बसायची वेळ आली तेव्हा मीच खंजिरी पुतण्याच्या हातात दिली. दाढी करता येईना, ती वाढली. "महाराज झाला काय गा?" असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायलाही तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. बायकोला वाटायचं मी तिच्यावर रागावून अबोला धरलाय.

पोळ्याला लेक चंद्रपूरहून आली. दीड वर्षाची नात मांडीवर चढली आणि तिनं माझ्या उजव्या गालावर पंजा ठेवला. मी तो झटकला. जोरात झटकला. पोर मागे गादीवर पडली आणि रडायला लागली. लेक काही बोलली नाही, पण एक दिवस आधीच निघून गेली.

बाहेरून माझ्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. ना सूज, ना जखम. तुटलेल्या पायाला लोक खुर्ची देतात. मला "एवढं काय त्यात" म्हणायचे. एक गोष्ट सांगू की नको असं वाटतं, पण सांगतो. कपाशीच्या फवारणीचं औषध गोठ्यात असायचं. एक दिवस ते तिथं नव्हतं. बायकोनं ते दिराकडे नेऊन ठेवलं होतं. तिनं मला सांगितलं नाही, मी तिला विचारलं नाही.

तिसरा दात काढायची तारीख पडली होती. नागपूरला शिकणारा भाचा म्हणाला, "मामाजी, काढायच्या आधी एकदा मेडिकलमध्ये दाखवा." मेडिकल म्हणजे नागपूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, तिथंच शासकीय दंत महाविद्यालय आहे. जामच्या चौरस्त्यावरून एसटी धरली, खिडकीचा वारा उजव्या गालाला लागू नये म्हणून डाव्या रांगेत बसलो. बायकोनं काडेपेटी पिशवीत घेतली होती.

केसपेपर काढला, रांग लागली, अख्ख्या जबड्याचा एक्स-रे झाला. तपासणाऱ्या डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पहिला प्रश्न वेगळाच विचारला, "काका, एक कळ किती वेळ राहते?" मग, "झोपेतून उठवते का?" नाही, झोपलो की त्रास नसतो. "कुठून सुरू होते, दाखवा." मी बोट गालापासून चार अंगुळं दूर ठेवूनच दाखवलं. त्या हसल्या. "दाताचं दुखणं असलेला माणूस दाबून दाखवतो. तुम्ही हातच लावत नाही." काडेपेटीतली दाढ त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि न बोलता परत दिली.

दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मेंदूपासून चेहऱ्याकडे येणारी पाचवी नस असते. तिच्या तीन फांद्या: एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे. बहुतेक वेळा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेला चिकटून ठोके देत राहते आणि नसेचं वरचं आवरण झिजतं. मला हे लगेच पटलं. केबलचं रबर घासलं की मोटर नीट असली तरी करंट मारतोच. इंजेक्शननं कळ का गेली तेही तिथंच उलगडलं: बधिरी नसेलाच दिली होती. पन्नाशीनंतर हे जास्त होतं, आणि पुरुषांपेक्षा बायांना जास्त.

बाकावर थांबलो असताना एक शिकाऊ डॉक्टर कागद घेऊन आला. तोंडाच्या त्रासानं जगण्यावर काय फरक पडला याचे चौदा प्रश्न. प्रत्येकाला कधीच नाही ते नेहमी अशी पाच उत्तरं, शून्य ते चार गुण, सगळे मिळून 56. बोलताना अडचण येते का, जेवण अर्ध्यावर सोडावं लागतं का, लाजल्यासारखं होतं का. चिडचिडीचा प्रश्न आला तशी बायको मध्येच म्हणाली, "हे मले इचारा." माझे 41 भरले. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी प्रार्थना, नात, जेवण हे सगळं दुखण्याच्या हिशेबात धरलं होतं. गोठ्यातल्या फवारणीच्या औषधाचंही मी त्या डॉक्टरांना तिथंच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं आणि पुढच्या प्रत्येक खेपेला आधी तेच विचारलं.

मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, एमआरआयची तारीख मिळाली, त्यात रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसली. त्या चकरांत अडीच महिने गेले. त्याचं वर्णन करत बसत नाही, सरकारी दवाखान्याची रांग सगळ्यांना माहीत आहे. गोळी मात्र आधीच सुरू झाली होती, कार्बामॅझेपिन. शंभर मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, मग हळूहळू वाढवत. मेडिकल दुकानवाला म्हणाला, "ही तर मिरगीची गोळी हाय." म्हणजे गावात कॅन्सर जाऊन आता मिरगी आली. गोळी मिरगीची खरीच, पण या नसेवर पहिली देतात ती हीच.

चौथ्या दिवशी मी चहा गरम पिऊ शकलो. पण गोळी फुकट काम करत नाही. पहिले पंधरा दिवस चक्कर यायची, धुऱ्यावरून चालताना एकदा पऱ्हाटीत जाऊन पडलो. मोटरसायकल पुतण्याकडे दिली. रक्तातलं सोडियम, लिव्हर आणि पेशी तपासत राहावं लागतं. अंगावर चट्टे उठले तर तडक दवाखाना, आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, हे दोन्ही मला तीनदा बजावलं. गोळीनं भागेनासं झालं तर कवटी उघडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यात गादी घालायचं ऑपरेशन आहे. मी अजून केलेलं नाही.

सहा महिन्यांनी तोच कागद परत भरला. 13. प्रार्थनेला बसतो, पण सांगतो पुतण्याच. त्याचा गळा माझ्यापेक्षा चांगला निघाला, हे मला जरा उशिरा मान्य झालं. फुटाणे अजून जमत नाहीत. थंडीत कानाला मफलर असतोच. नात आता साडेतीन वर्षांची आहे, गालाला हात लावायच्या आधी थांबते. तिला काही आठवत असेल असं नाही, आईनं शिकवलं असेल.

दाढी दर रविवारी. न्हावी उजवी बाजू शेवटी घेतो. वस्तरा टेकवायच्या आधी हात थांबवतो आणि आरशातून पाहत विचारतो, "घेऊ काय भाऊ?"