पितळी कडी

सकाळी साडेनऊच्या सुमारास मी कात्रीने एक टाका कापला. तो कापायला नको होता.

मी वस्त्रसंवर्धनाचं काम करते, कॅनडात विनिपेगच्या एका छोट्या संग्रहालयात. इथे जून हा फिलिपिनो वारसा महिना. कॅनडाच्या संसदेत 2018 मध्ये तसा ठराव झाला. या शहरात फिलिपिनो वस्ती एवढी मोठी की दवाखान्यात, बसमध्ये, किराणा दुकानात तागालोग कानावर पडतेच. आमच्याकडे त्या महिन्यात मुलांनी काढलेली चित्रं लागतात, बांबूच्या काड्या आणि पातळ कागदाचे चांदणीच्या आकाराचे पारोल, म्हणजे कंदील, टांगले जातात, शनिवारी गोष्टी सांगितल्या जातात. यंदा कोठीतलं एक जुनं कापडही मांडायचं ठरलं. फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर लेक सेबूच्या परिसरात राहणाऱ्या त्बोली लोकांचं त्नालाक.

गुंडाळी उलगडली आणि भिंगाखाली धरली. धाग्याला पीळ नव्हता. सूत कातलेलंच नव्हतं. लांब तंतू एकापुढे एक गाठी मारून जोडलेले, आणि प्रत्येक गाठीची शेपटी इतकी जवळून छाटलेली की नुसत्या डोळ्याला दिसणार नाही. हा आबाका. केळीचाच भाऊबंद, पण याच्या फळासाठी नाही, खोडातल्या तंतूंसाठी लागवड करतात. मी रावेरची. घड उतरवला की खोड बांधावर पडलेलं आणि सोपटाच्या दोऱ्यात आजी गजरा बांधतेय, हे बघत मोठी झाले. त्या सोपटाचं इतकं तलम, इतकं घोटीव काही होऊ शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ताण्याचे धागे विणण्याआधीच ठिकठिकाणी बांधून रंगवलेले; काळा रंग पानांचा, तांबडा मुळांचा, पांढरा तंतूचा स्वतःचा. विणून झाल्यावर कवडीने घासून घासून चकाकी आणलेली.

एका काठाला छोटी पितळी कडी टाकलेली होती, दोन टाक्यांवर. कडीखाली कापडावर हिरवट डाग. पितळेतलं तांबं असं वनस्पतीच्या तंतूला हळूहळू खातं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. जुन्या नोंदीत कडीचा उल्लेखच नव्हता. कुणा विक्रेत्याने टांगायला लावली असेल असं मी धरून चालले. ‘बाह्य जोड, काढावी’ असं लिहिलं आणि पहिला टाका कापला.

तेवढ्यात आते आली.

तिचं नाव इथे लिहीत नाही. वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, साठीला आलीय, जन्म लेक सेबूचा. शनिवारच्या गोष्टी तीच सांगणार होती. तागालोगमध्ये मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतात, म्हणून इथले सगळे फिलिपिनो तिला आते म्हणतात. मला तर ती हाक माहेरचीच वाटते. आत्याला आम्हीही असंच बोलावतो.

ती टेबलापाशी बराच वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, “कडी का सोडवतेस?”

मी डाग दाखवला, तांब्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“आमच्याकडे हे कापड कापत नाहीत. कापलं तर मोठं आजारपण येतं. आणि विकायची वेळ आली तर अशी कडी बांधून देतात. त्या कापडात जे आहे त्याची समजूत काढायला. माझ्या आजीने कितीदा बांधली. तुझ्या टेबलावरचं हे विकलं गेलंय, पण नीट निरोप देऊन विकलं गेलंय.”

मी कात्री खाली ठेवली. हात थरथरत होता हे मला आठवतं.

मग ती खुर्ची ओढून बसली आणि बोलत राहिली. नक्षी कागदावर काढत नाहीत. आबाकाची अधिष्ठात्री फू दालू ती स्वप्नात दाखवते. आजी भल्या पहाटे मागावर बसायची, कारण ऊन चढलं की तंतू कोरडा पडून तुटतो. माग ओलांडला तर आजीचा धपाटा ठरलेला. लांग दुलाय यांच्याबद्दल ती ज्या स्वरात बोलली तो आपण गाण्यातल्या गुरूंसाठी लावतो. बाराव्या वर्षी आईकडून शिकलेल्या या विणकरणीला 1998 मध्ये फिलिपिन्सने ‘गावाद सा मान्लिलिखा नांग बायान’ हा लोककलावंतांचा सर्वोच्च सन्मान दिला. ढगांची नक्षी, फुलपाखराची नक्षी, अशा कितीतरी त्यांच्या मनात साठवलेल्या होत्या. 2015 मध्ये त्या गेल्या.

वीस वर्षं मी या कामात आहे. धागा ओळखता येतो, रंग ओळखता येतो, डागाचं कारण सांगता येतं. पण हे कापड कुणाच्या घरातून कसं निघालं, ते माझ्या भिंगाला दिसणार नव्हतं. तिला आधी बोलवायला हवं होतं. ती याच शहरात, बसने पंचवीस मिनिटांवर राहते.

डागाचा प्रश्न राहिलाच. कडी आणि कापड यांच्यामध्ये पारदर्शक पातळ पटलाची एक चकती सरकवली, म्हणजे पितळ तंतूला टेकणार नाही. कापलेल्या टाक्याच्या जागी नवा टाका घालायचा होता. सुई मी ओवली; गाठ मारायला आतेला सांगितलं. संग्रहालयाच्या शिस्तीत हे बसत नाही आणि वरिष्ठांना मी ते त्याच दिवशी कळवलं. तिने गाठ मारली, अंगठ्याने दाबली, काहीतरी पुटपुटली. काय, ते मी विचारलं नाही.

शनिवारी ती कापडाशेजारी बसून मुलांना फू दालूची गोष्ट सांगत होती. पाटीवर आता कडीबद्दल चार ओळी आहेत, तिच्या शब्दांत. कापलेला जुना टाका मी छोट्या पाकिटात घालून नोंदपत्रकाला जोडलाय. वर तारीख आहे, आणि कुणी कापला त्या रकान्यात माझं नाव.