पुठ्ठ्याचा मान

ट्रायम्फ टीआर ६ ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार दिसायला दांडगी. अडीच लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, लांबलचक बॉनेट आणि जर्मनीच्या कारमान कंपनीने नव्याने घडवून दिलेलं नाक-शेपूट. १९६८ ते १९७६ या काळात ती कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यात बनली. (ट्रायम्फचीच हेरल्ड आपल्याकडे मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनायची, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.) पण एवढ्या रुबाबाच्या गाडीचं डोकं थंड ठेवायला एक पुठ्ठा लागतो.

खराखुरा पुठ्ठा. पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या पोकळीत तो घड्या घालून बसवलेला असतो, काळा आणि जाडसर. जाळीतून आत आलेली हवा बाजूने पसार होऊ नये, रेडिएटरमधूनच जावी, एवढंच त्याचं काम. हवा महाआळशी. शेजारी मोकळी वाट दिसत असताना ती त्या बारीक पत्र्यांच्या गर्दीत कशाला घुसेल? पण पुठ्ठाच तो. भिजतो, फुगतो, फाटतो, आणि पुढच्या खेपेला रेडिएटर उतरवणारा माणूस तो बिनदिक्कत कचऱ्यात टाकतो. मग मोटरवेवर तापमानाचा काटा चढू लागतो. मालक जाडजूड ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेतो, इलेक्ट्रिक पंखा घेतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी माझा मूळचा तांब्या-पितळेचाच रेडिएटर आतली नळ्या-पत्र्यांची जाळी बदलून घेतला. तो परत बसवताना आणखी एक पुठ्ठा कामी येतो, साध्या खोक्याचा. या गाडीचा पंखा वॉटर पंपावर नसतो, थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, नाकावर असतो. रेडिएटर वरून खाली सोडताना तो पात्याला घासला की नव्या कोऱ्या फिन्स (त्याच बारीक पत्र्या) आडव्या होतात, म्हणून मागच्या अंगाला खोक्याचा तुकडा चिकटवून मगच सोडायचा. बोल्ट आवळले की तुकडा काढायचा आणि पंखा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचा. रेडिएटर चासीला जखडलेला, इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर डुलणारं. माउंटिंग म्हातारी झाली असतील तर उभ्या गाडीत दिसणारं अंतर जोरात ब्रेक मारल्यावर राहीलच असं नाही.

नट इंचांतले. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे गोल करून ठेवतो. पाइपांना मात्र जुबिली क्लिपच हवी, स्क्रूने आवळायची पट्टी. लमली रॉबिन्सन या नौदलातल्या माणसाने १९२१ साली तिचं पेटंट घेतलं, आणि त्यात सुधारणा करण्यासारखं अजून कुणाला फारसं काही सापडलेलं दिसत नाही. ती रेडिएटरच्या पितळी तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही.

पाणी भरणं हे खरं सोशिकपणाचं काम. निम्मं पाणी, निम्मं निळं अँटिफ्रीझ. एवढ्यावर ते उणे ३६ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. इंग्लंडमध्ये तेवढी थंडी पडत नाही, पण गंजालाही तेच आवरतं. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, गाडीचं नाक थोडं चढावर घ्यायचं, बारीक धारेने ओतायचं आणि वरचा पाइप मुठीत दाबत राहायचं. आतून गुडगुड ऐकू येते, पातळी एकदम खाली जाते. घाई केली तर हवा हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, अडकून बसते, आणि काटा निवांत दिसत असताना इंजिन भाजत असतं. रेडिएटरचं झाकणही योग्य दाबाचंच हवं; चौरस इंचावरच्या दाबाच्या दर पौंडामागे पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळतं. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पाण्याचा डबा घेऊन उभी राहिलेली मंडळी हे गणित चटके खाऊन शिकायची.

पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण गार होऊ द्यायची, क्लिपा पुन्हा आवळायच्या, पातळी पुन्हा बघायची. क्लिपा हमखास अर्धा आटा घेतात.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात बॉनेट उघडलं की लोक व्हॉल्व्ह कव्हरच्या चकाकीचे फोटो काढतात. टीआर ६ वाला तेवढा लगेच ओळखू येतो: तो सरळ जाळीपाशी वाकतो, आत डोकावतो आणि विचारतो, “पुठ्ठा कुठून मागवलात?”